माझी बाजू मांडणाऱ्या काकू

टीवाय बीएला असताना मी वर्तकनगरच्या अभ्यासिकेत लॉ सीईटीची तयारी करायचे. शेजारच्या खुर्चीवर पंचावन्नच्या आसपासच्या एक काकू बसायच्या. नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांनाही हीच परीक्षा द्यायची होती. सरावाच्या प्रश्नात कोणाची गाय दुसऱ्याच्या बागेत शिरली, की त्या उत्तरावर खूण करायच्या ऐवजी उसासा टाकायच्या. "अगं, पण गायवाल्याचंही काहीतरी असेल ना," म्हणेपर्यंत वेळ संपायचा. त्यांचे मार्क कधी निम्म्याच्या वर गेले नाहीत.

माझ्या बाबांना मी वकील व्हायला नको होतं. बँकेची परीक्षा दे, एवढंच त्यांचं म्हणणं. सीईटीचा फॉर्म भरायला दोन दिवस उरले तेव्हा काकू म्हणाल्या, "मी येते घरी. तुझी बाजू मांडते."

त्या आल्या, चहा घेतला आणि बाबांना म्हणाल्या, "आधी तुमचं काय म्हणणं आहे ते सांगा." बाबा अर्धा तास बोलले. काकूंनी त्यांना एकदाही मध्ये तोडलं नाही. शेवटी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाबांचं बरोबर आहे गं."

माझी वकील माझ्यासमोर फुटली होती.

त्या गेल्यावर बाबा बराच वेळ गॅलरीत उभे होते. आमच्या घरात त्यांचं इतकं शांतपणे कोणीच ऐकून घेतलेलं नव्हतं. मग आत येऊन, माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "सीईटीच्या फॉर्मला फोटो कुठल्या साइजचा लागतो?"