नेव्हच्या अठ्ठावीस बाटल्या

कारवूडच्या कृषी प्रदर्शनात घरच्या बिअरचं टेबल जॅम आणि लोणच्यांच्या मधे असतं. त्या टेबलावर नेव्ह हॅलम सहा वर्षं ओळीने दुसरा आला. पहिली येते त्याची शेजारीण ग्लेनिस पर्टन. नेव्हचा सगळा जन्म हॉप्सची, म्हणजे बिअरला कडवट चव देणाऱ्या वेलीची, फुलं वाळवण्याच्या भट्टीवर गेला. ग्लेनिस पोस्टात होती. त्याला हेच जास्त टोचतं.

यंदाची बिअर त्याने स्वतःच्या कुंपणावरच्या हॉप्सची केली होती. चव जमली होती. मग बाटल्या भरताना फोन वाजला.

फेस धरावा म्हणून प्रत्येक बाटलीत साखरेची एक गोळी टाकायची असते. फोनवर मुलीशी बोलून परतल्यावर नेव्हने पाच बाटल्या मागून पुन्हा सुरुवात केली. दोन आठवड्यांनी पिशवीत उरलेल्या गोळ्या मोजल्या, त्या पाच कमी भरल्या, तेव्हा चूक लक्षात आली. पाच बाटल्यांत दोन-दोन गोळ्या गेल्या होत्या. अशी बाटली उघडली की बिअर कारंज्यासारखी उडते, आणि परीक्षक ती न चाखताच बादलीत ओततो.

"ओळीने लावल्यात ना? मग दहा ते चौदा बाजूला काढ," त्याची बायको बेरिल म्हणाली.

"काढल्या असत्या. काल लादी पुसताना खोकी कुणी हलवली?"

बेरिलने केटल चढवली.

प्रदर्शनाला दहा दिवस होते. झाकण उघडलेली बाटली चालत नाही, त्यामुळे बाहेरूनच ओळखायचं होतं. लिंबं न्यायला आलेल्या ग्लेनिसने सगळं ऐकून घेतलं.

"एकेक उलटी करून सरळ धर. मानेपाशी फेसाचं कडं येतं. जिचं लवकर विरत नाही, ती तुझी चोर."

"मला सगळी सारखीच दिसतायत."

"चष्मा बदल, म्हाताऱ्या. आण इकडे."

तिने अठ्ठावीस बाटल्या खिडकीच्या उजेडात तपासल्या, पाच टेबलाखाली सरकवल्या आणि उरलेल्यांतल्या दोन पुढे केल्या. "या दे. आठ दिवस हलवू नकोस, गाळ खाली बसू दे."

ती गेल्यावर बेरिल म्हणाली, "सहा वर्षं तुला हरवणाऱ्या बाईने निवडलेल्या बाटल्या देणार तू?"

नेव्ह दोन दिवस त्या बाटल्यांकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने प्रवेशाच्या चिठ्ठ्या त्यांच्याच गळ्यात बांधल्या.

प्रदर्शनात परीक्षकाने त्याच्या बाटलीचं झाकण काढलं तेव्हा नेव्हने दोन पावलं मागे घेतली. हलकं फुस्स झालं, बस्स. ग्लासात दोन बोटं फेस उभा राहिला. परीक्षकाने घोट घेतला, आणि मग नियमात नसलेला आणखी एक.

ग्लेनिसला पन्नासात चव्वेचाळीस. नेव्हला त्रेचाळीस.

"एका मार्काने!" बेरिल चिडली. "तिने मुद्दाम बऱ्यापैकी बाटली दिली, उत्तम टेबलाखाली सरकवली असेल."

घरी येताच तिने टेबलाखालची एक बाटली ओढली आणि नेव्ह नको म्हणेपर्यंत झाकण उडवलं. बिअर छताला लागली, मग प्रदर्शनासाठी काढलेल्या तिच्या ठेवणीतल्या कोटावर आली.

"ग्लेनिसची नजर बघ," नेव्ह म्हणाला. तो हसत होता. दुसऱ्या क्रमांकाचं सातवं कार्ड त्याने फ्रिजवर लावलं, चांगल्यांतल्या दोन बाटल्या काखेत घेतल्या आणि कुंपणापलीकडे ग्लेनिसला हाक मारली.