रात्री न चावणारी कवळी

नानांनी तोंडातली कवळी काढून माझ्या टेबलावर ठेवली. "मिस्तरी, ही तुझ्यापाशी गुणाची राहती आन् घरी गेली का बिघडती. परत घास."

मी कवळ्या बनवतो. शाळा फार नाही, पण हात चालतो. दाताच्या मॅडम माप घेतात, मी मागच्या खोलीत दात बसवतो. बायको गेल्यापासून काम वाढवूनच घेतलंय. घरी बसून भिंतीकडं किती बघणार?

नाना विंचूरचे, नव्वदीला टेकलेले. सून मंगलताई त्यांना सकाळच्या एसटीनं आणायच्या. कवळी घासायची म्हणजे दातांत निळा कागद धरून पेशंटला चावायला लावायचं. डाग जिथं जास्त, तिथं दात उंच. तेवढाच खरवडायचा. नानांचे डाग सगळीकडं सारखे. खरवडणार काय, कपाळ?

"नाना, कवळीत खोट नाय. नखरे तुमचे हायेत."

"मंग रातची भाकर तू चावून देतो का?"

मंगलताई हळूच म्हणाल्या, "रात्रीचं ताट तसंच उठतं हो. सदरा बघा कसा लोंबतोय. घरचे म्हणतात, वय झालं, चालायचंच."

बायकोचं ताटही शेवटी असंच उठायचं. माझी मस्करी तिथंच संपली. मी मॅडमकडं गेलो.

"मॅडम, माझी कवळी एसटीत बिघडते का?"

मॅडम हसल्या नाहीत. "आज नानांना इथंच जेवू द्या. माझ्यासमोर."

मंगलताईंनी आणलेल्या डब्यात भाकरी आणि मेथीची भाजी होती. पहिले घास नानांनी झकास चावले, वर माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. अर्ध्या भाकरीवर जबडा मंदावला. मग हनुवटीला हात लावून ते तोंड मिटायला लागले. डावी पापणी खाली आली, बोलणं नाकातून यायला लागलं. कवळी मात्र जागच्या जागी.

"थांबा नाना, आता घास नको. श्वासनळीत अडकेल," मॅडम म्हणाल्या आणि लगेच नसांच्या डॉक्टरांना फोन लावला.

मीही सोबत गेलो. कवळी माझी होती ना. डॉक्टरांनी नानांच्या पापणीवर बर्फ धरला. थोड्या वेळानं डोळा उघडला.

"आयला, बर्फानं बरा व्हतो का मी?"

"नाही बाबा, बर्फानं फक्त रोगाचा अंदाज येतो. आता रक्त तपासू."

रक्तानं डॉक्टरांचा अंदाज खरा ठरवला. डॉक्टरांनी आम्हाला सोपं करून समजावलं. शरीराची राखण करणारी ताकद चुकून घरच्यांवरच, म्हणजे आपल्याच शरीरावर उलटते. नसेचा हुकूम स्नायूला जिथं पोचतो, ती जागा ही ताकद बिघडवते. म्हणून स्नायू वापरला की दमतो, विसावला की सावरतो. सकाळी बरं, रात्री नाही. उतारवयातही हा रोग होतो, लोक वयावर ढकलतात.

जेवणाआधी घ्यायची एक गोळी मिळाली, शरीरातलं भांडण शांत करायला वेगळं औषध. रोग मुळासकट जात नाही, सांभाळावा लागतो.

पुढं एकदा नाना दुपारच्या एसटीनं आले. डबा दोघांचा.

"घासायला नाय, जेवायला आलोय."

मागच्या खोलीत बसलो. ठेचा लय तिखट. कुणासमोर बसून असं जेवलो नव्हतो बऱ्याच दिवसांत. नाना स्वतःची भाकर संपवून माझ्या भाकरीकडं बघायला लागले. मी अर्धी मोडून दिली.

आता कुणी म्हणालं की कवळी चावत नाही, तर हत्यार उचलायच्या आधी मी विचारतो, सकाळी का रात्री?