पाय कोणी कोणाचे धुवायचे

“मोठा हायेस नं? मंग वाक.”

हे वाक्य बाई सगळ्यांना ऐकवत. दाराशी चपला भिरकावणाऱ्या पोराला, भाजीवालीशी हुज्जत घालणाऱ्या साहेबाला आणि एकदा मलाही. माझ्या हातून पडलेला खडू मी एका मुलीला उचलायला सांगितला होता. पंचवीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस मी, पोरांसमोर निमूट वाकलो.

मोताळ्यात आमच्या गल्लीच्या टोकाला ख्रिस्ती मंडळींचं टिनाच्या छपराचं छोटं प्रार्थनामंदिर आहे. बाई तिथे रविवारी सकाळी मुलांना बायबलातल्या गोष्टी शिकवत. शिक्षण सातवी, सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात आया म्हणून. मी ख्रिस्ती नाही, शेजारी. पण पोरं सगळ्या गल्लीची यायची, माझी मुलगीही जायची, आणि नाटकाचे संवाद लिहून द्यायला बाई मला धरून नेत. माझा पहिला कागद वाचून म्हणाल्या, “सर, हा देवदूत पुन्याहून आला काय? आमच्यासारखं बोलू द्या त्याले.”

गोष्ट नुसती सांगणं त्यांना मंजूरच नव्हतं. ती करून पाहायची. भूमिका वाटायची त्यांची रीत अशी, की ज्याची मान ताठ त्याला वाकायचं काम. एक पोरगा बापाच्या नव्या ट्रॅक्टरच्या बढाया मारून मारून सगळ्यांना पिडत होता. बाईंनी त्याला नबुखद्नेस्सर राजा केलं. हा राजा घमेंडीने इतका फुगतो, की देव त्याला गुरासारखं गवत खायला लावतो. नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पोरांनी त्याला नबूराजा केलं. बाईंनी कुठूनतरी खरंखुरं कुटार, गुरांपुढे टाकतात तो भुसा, आणलं आणि पोराच्या पुढ्यात ठेवलं.

“खोटं खोटं खातो नं बाई.”

“खोटं खोटं खाल्लं तं घमेंडबी खोटी खोटीच उतरन.”

पोराने चिमूटभर खाल्लं, थुंकलं, आणि स्वतःच खो खो हसत सुटला. ट्रॅक्टर त्या दिवसापासून बंद झाला. शाळेत आम्ही नम्रतेवर निबंध लिहून घेतो, दहापैकी मार्क देतो. असो.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. त्या वर्षी नाताळाच्या कार्यक्रमासाठी बाईंनी येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग घेतला. वर्गातली सगळ्यांत उंच, सगळ्यांत हुशार आणि त्याचा ताठा असलेली मुलगी येशू. सगळ्यांत लहान पोरं शिष्य. महिनाभर तालीम चालली. पोरं मागच्या शेतात नाचून काळ्या मातीने पाय भरवून येत आणि ती मुलगी पहिल्या दिवशी नाक मुरडून, मग हळूहळू नाक न मुरडता, पाय धुवायला शिकली. तिची आई मला म्हणाली होती, “घरी आजीचे पाय चेपून देते हो आता. कोनी सांगतलंबी नाई.”

कार्यक्रमाला प्रार्थनामंदिराच्या समितीने एक पुढारी बोलावले. ते अंगणात फरशी बसवून देणार होते. आणि आपल्याकडे पाहुणा आला की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. हार, शाल, नारळ. त्यात समितीच्या अध्यक्षांच्या डोक्यातून कल्पना निघाली, की परात आहे, पाणी आहे, मुलं आहेत, तर मुलांकडून पाहुण्यांचेच पाय धुऊन घेऊ. स्वागतही होईल, नाटकही होईल. बाईंना विचारायची गरज कुणाला वाटली नाही. सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. हातात चिठ्ठी आली आणि मी गडी खड्या आवाजात वाचून मोकळा झालो, “आता आपली चिमुकली मुलं पाहुण्यांचे पाय धुऊन नम्रतेचं दर्शन घडवतील.”

पाहुण्यांनी एक मोजा काढलासुद्धा. ती उंच मुलगी परात घेऊन गोंधळून उभी. तेवढ्यात बाई मंचावर चढल्या आणि तिच्या हातातली परात त्यांनी घेतली.

“ह्या गोष्टीत गुरू खाली बसते अन् चेल्यायचे पाय धुते. उलटं नाई. धुवायचेच असन तं पाहुण्यायनं लेकरायचे धुवावे. पाय तयार हायेत.”

“बाई, अर्थ तं एकच हाय,” अध्यक्ष दात आवळून म्हणाले.

“एक नाई. लेकरं तं रोजच खाली बसतात. त्यात शिकाचं काय?”

“लोकायले नम्रता शिकवता, अन् तुमच्यात कुठी हाय?”

बाई परात घेऊन मंचावरून उतरल्या. त्यांनी पाणी कडुलिंबाच्या बुडाशी ओतलं. आणि मी काय केलं? मी हसलो. ओशाळं, खोटं. मग माईकवर म्हणालो, “काही तांत्रिक अडचणीमुळे आपण पुढच्या कार्यक्रमाकडे वळू या.” बाईंना मी तांत्रिक अडचण म्हणालो!

आठ दिवसांत समितीने त्यांचा वर्ग काढून घेतला. कारण काय, तर उद्धटपणा. बैठकीत मलाही विचारलं, काय घडलं ते तुम्हीच सांगा. मी म्हणालो, “झालं ते बरं नाही झालं.” हे वाक्य दोन्ही बाजूंना चालतं, म्हणून मी ते निवडलं होतं. माणूस किती बेरकी असतो!

नंतर भेटायला गेलो तेव्हा बाई ओसरीत तूर पाखडत होत्या. रागावतील असं वाटलं होतं. म्हणाल्या, “मले काढलं त्याचं काई नाई सर. पन लेकरायले आता उलटी गोष्ट पाठ होऊन राह्यली. ते कोन सुधरवन?” 

दोन वर्षांनी बाई गेल्या. शोकसभेत अध्यक्ष गहिवरून बोलले. “नम्रता कशी असावी ते बाईंकडून शिकावं. कधी कोणाला उलटून बोलल्या नाहीत.” आणि लोक माना डोलवत होते! तेच लोक, त्याच खुर्च्या. माझं डोकं फिरलं. मी उभा राहून म्हणालो, “बोलल्या होत्या. मंचावर, आपल्या सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. आपण त्यांना उद्धट म्हणून हाकललं, आणि मी त्या दिवशी मूग गिळून बसलो होतो.” कुणीतरी माझी बाही ओढली. “बसा सर, हे बोलाची जागा नाई.” जागा कुठली असते मग?

यंदा गल्लीतली एक छोटी मुलगी रविवारी सकाळी फ्रॉकला रिबिनी लावून निघाली होती. तिला विचारलं, “काय गं, या वर्षी कोणतं नाटक?”

“नाटक नाई सर. स्वागतगीत बसवून राह्यलो.” तिने दोन्ही हात जोडून, मान खाली घालून दाखवलं. “असं उभं राहाचं. पाहुणे येईपर्यंत हात खाली घ्याचे नाईत म्हंते.”