परीक्षणाचा मसुदा

माझ्या मुलीने चार वर्षं ज्या कार्टून सिनेमावर काम केलं, तो बडोद्यात जेमतेम एक आठवडा चालला. कार्टून म्हणू नका, ॲनिमेशन म्हणा, असं तिने मला दहादा बजावलं आहे, पण तोंडात कार्टूनच बसलंय. तो एक आठवडाही मी धड जाऊ दिला नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणजे सगळ्यांना माहीत आहे, पण माझ्या तोंडून नाही.

मी सरकारी कचेरीत पस्तीस वर्षं मसुदे केले. निविदा, खुलासे, शोकसंदेश, निरोपाची भाषणं, काय हवं ते सांगा. साहेब माझा कागद न वाचता सही करायचे आणि मला त्याचा अभिमान होता. मुलीने इथेच फाइन आर्ट्स केलं आणि हैदराबादला नोकरी धरली. तिने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं माझं मत होतं, आणि माझी मतं मी पोटात ठेवत नाही. नातेवाइकांनी विचारलं की मी सांगायचो, “कॉम्प्युटरवर काम करते.” खोटं नव्हतंच ते.

आणि आता तिचा सिनेमा मोठ्या पडद्यावर येणार होता. एक म्हातारी कुंभारीण, तिचं जत्रेत हरवलेलं गाढवाचं शिंगरू, आणि त्याला शोधत तिने केलेली पायपीट. मंगळवारी मुलीचा फोन आला.

“बाबा, पहिले तीन दिवस महत्त्वाचे असतात. लोक हल्ली फोनवर तारे बघूनच तिकीट काढतात. आपल्या लोकांना सांगा ना, बघा म्हणावं. आणि आवडला तर दोन ओळी लिहा म्हणावं.”

‘आवडला तर’ हे शब्द तिने स्पष्ट उच्चारले होते. मी ते ऐकले आणि सोडून दिले. पस्तीस वर्षांत ‘तर’ असलेला मसुदा मी कधी पुढे पाठवला नव्हता.

गुरुवारी दुपारी चहा घेऊन बसलो आणि मसुदा केला. ‘अतिशय सुंदर व संस्कारक्षम कौटुंबिक चित्रपट. माझ्या दोन्ही नातवंडांना फारच आवडला. सर्वांनी सहकुटुंब अवश्य पाहावा.’ मला नातवंडं नाहीत. पण मसुदा सर्वांना चालेल असा असावा लागतो, आणि आमच्या कुटुंबात नातवंडं बक्कळ आहेत. बडोद्यात वासण्यापासून छाणीपर्यंत पसरलेलं आमचं सगळं कुळ ज्या ग्रुपवर आहे, तिथे तो टाकला आणि खाली लिहिलं, ‘उद्या दुपारपर्यंत पाच तारे देणे व दिल्याचे कळवणे.’

“अहो, सिनेमा तर लागू द्या,” बायको म्हणाली.

“बघण्याचं काम तुझं. मी मागची बाजू सांभाळतो.”

“सांभाळा. बसल्या जागी उंटावरून शेळ्या हाका.”

शुक्रवारी ती सोसायटीतल्या तिघीचौघींना घेऊन पहिल्या खेळाला गेली. मी मांजलपूरच्या घरी फोन आणि यादी घेऊन बसलो. कुणी लिहिलं, कुणी नाही, त्याच्या खुणा करत होतो. वासण्याच्या वहिनींचा फोन आला, “भावोजी, ते तारे कुठे दाबायचे ते समजत नाही ने!” त्यांना अर्धा तास लावून शिकवलं. छाणीचा पुतण्या बावीस वर्षांचा, अजून लग्नही नाही. त्याने अर्ध्या मिनिटात कळवलं, “थई गयुं काका!” संध्याकाळपर्यंत माझ्या यादीत एकही नाव बिनखुणेचं उरलं नाही. मी खुशीत होतो.

बायको परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. पर्स हातातच धरून ती सोफ्यावर बसून राहिली. मी विचारलं, “गर्दी होती का?”

“अर्धं थिएटर. पोरं हसत होती खूप.”

“तू लिहिलंस?”

“लिहीन उद्या. शब्द तर सुचू देत.”

शब्द तयारच होते. मी तिचा फोन तिच्या हातात दिला आणि डोक्यावर उभा राहिलो. माझी कटकट जावी म्हणून तिनेही तोच मसुदा चिकटवला. सिनेमा कसा होता हे मी तिला त्या दिवशी विचारलंच नाही.

शनिवारी पेपरांत परीक्षणं आली. गुजराती पेपरने साडेतीन तारे दिले. इंग्रजीवाल्याने चित्रांची तारीफ केली आणि उत्तरार्ध रेंगाळतो, लहान मुलं चुळबुळ करतात असं लिहिलं. मी त्याच्यावर जाम भडकलो. मुलीला फोन करून म्हटलं, याला खुलासा पाठवूया का? ती हसली. किती दिवसांनी इतकी मोकळी हसली होती! “बाबा, साडेतीन म्हणजे खूप आहेत. आणि तो बरोबर लिहितोय. उद्या बघा, गर्दी वाढेल.” आणि खरंच रविवारी वाढली. ज्यांनी पाहिला ते दुसऱ्याला सांगत होते. गल्ला फार मोठा नव्हता, पण चढत होता.

रविवारी संध्याकाळी पुतण्याने ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. सिनेमांवर बडबड करणारा कुणी तरुण होता. तो आमची परीक्षणं एकामागून एक वाचत होता, म्हाताऱ्याचा आवाज काढून, मान हलवत. सगळ्यांचं आडनाव एकच, सगळ्यांची वाक्यं तीच. मग त्याने पुतण्याचा फोटो मोठा करून दाखवला. गॉगल लावून मोटरसायकलवर बसलेलं आमचं पोर, आणि खाली ‘माझ्या दोन्ही नातवंडांना फारच आवडला’. खाली हसणाऱ्यांचा पूर लोटला होता. शेवटी तो म्हणाला, ज्यांना स्वतःच्या सिनेमाची अशी भाड्याची तारीफ करवून घ्यावी लागते, त्यांचा सिनेमा आपण कशाला बघायचा? त्याने तो पाहिलेला नव्हता. पण मी तरी कुठे पाहिला होता?

सोमवारी तिकिटांच्या त्या ॲपने सिनेमाचे सगळेच तारे काढून टाकले. सुक्याबरोबर ओलंही जळालं. कुणा अनोळखी बाईने लिहिलं होतं की तिचा मुलगा कधी एका जागी बसत नाही, तो शेवटपर्यंत तिचा हात धरून बसला. तेही गेलं.

आडनावावरून हैदराबादच्या कंपनीत मुलीला बोलावून विचारणा झाली. दुपारी तिचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. तो चढलेला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

“बाबा, तुमचंच ना ते?”

“हो.”

“पहिल्याच ओळीला कळलं मला. ‘संस्कारक्षम’ आपल्यात दुसरं कोण म्हणतं?” आणि तिने फोन ठेवला.

त्यानंतर ती फक्त आईशी बोलायची. मी शेजारच्या खोलीत पेपर उघडून ऐकत बसायचो. मला माझी इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

बुधवारी एकटाच स्कूटर काढून सिनेमाला गेलो. खिडकीतली मुलगी म्हणाली, “काका, पांच जण नहीं थाय तो शो कॅन्सल थशे.” मी जिन्यापाशी उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत राहिलो. अगदी शेवटी एक जोडपं दोन मुलांना घेऊन आलं आणि आम्ही पाच झालो.

सिनेमा चांगला होता. उत्तरार्ध रेंगाळतो, हे खरं आहे. पण ती म्हातारी! घरातून निघताना ती भाकऱ्यांचं गाठोडं बांधते, गाठ दातांनी आवळते, मग पुन्हा सोडते आणि शिंगरासाठी त्यात गुळाचा खडा ठेवते. तिथे मला रडू आलं आणि शेवटपर्यंत थांबलं नाही. शेवटी नावं धावू लागली. शेकडो नावांत मुलीचं नाव आलं आणि वाचून होईपर्यंत वर निघून गेलं. झाडूवाला दाराशी खोळंबला होता, तरी मी पडदा पांढरा होईपर्यंत बसलो. तिला हे सगळं सांगायचं, आणि कागदावर न उतरवता सांगायचं, असं मी ठरवलं.

शनिवारी बायकोने मध्ये पडून फोन माझ्या हातात दिला.

“चुकलो मी,” मी म्हटलं. घरात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोलत होतो.

“कदाचित तसाही चालला नसता, बाबा. पण आता का नाही चालला, याचं सोपं उत्तर सगळ्यांना मिळालंय. कुणी आमच्या कामाबद्दल बोलतच नाही.” मग तिने विचारलं, “तुम्ही पाहिलात?”

“पाहिला. बुधवारी.”

“काय आवडलं?”

मी बोलत सुटलो. गाठोडं, दातांनी आवळलेली गाठ, गुळाचा खडा, म्हातारीच्या हातांवरच्या शिरा. तू कुठे पाहिलेस गं असे हात, म्हटलं. तिने मला मध्ये कुठेही तोडलं नाही.

“बाबा, म्हातारी माझी नाही,” ती म्हणाली. “ती दुसऱ्या एका मुलाने केली.”

“मग शिंगरू?”

“नाही. पाणी माझं.”

“पाणी?”

“सिनेमातलं सगळं पाणी. नदी, वाटेतली डबकी, घागरीतून डचमळतं ते, शिंगरू अंग झटकतं तेव्हा उडतं ते. चार वर्षं तेच केलं.”

मी आठवू लागलो. नदी ओलांडताना शिंगराचे कान मागे पडले होते, ते आठवलं. म्हातारीने साडीचा काचा मारला होता, तोही आठवला. नदी काही केल्या आठवेना. आणि चार वर्षांत मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, की बाई, तू तिथे नेमकं करतेस तरी काय?

मला पाणी आठवत नाहीये हे तिला कळलं असावं. “पाणी नीट जमलं की कुणाचं लक्ष जात नाही, बाबा,” ती म्हणाली. माझी समजूत ती घालत होती.

“मी पुन्हा बघतो,” मी घाईघाईने म्हटलं. “उद्याच जातो. फक्त पाणी बघतो.”

“कुठे जाणार? काल उतरवला सगळीकडून.”

मग तिने आईला फोन द्यायला सांगितलं.