गोष्टीतली ‘मी’

कुसुम गेल्याची चिठ्ठी शाळेत आली तेव्हा मी सातवीला व्याकरण शिकवत होते. शिपायाने ती हातात दिली. मी वाचली, घडी घातली आणि फळ्यावरचं वाक्य पुरं केलं. विषमज्वराचं निमित्त झालं... वय चौतीस. त्याला आता दीड महिना होईल.

अंधेरीच्या आमच्या शाळेत आम्ही दोघी एकाच जूनमध्ये लागलो. मी पार्ल्याची, वकिलाची मुलगी. ती मालवणकडची, वडील गिरणीत होते. मनातलं बोलायचं झालं की ती मालवणीवर यायची. गोष्टी लिहायची, आणि गॅदरिंगचं नाटक दरवर्षी आम्ही दोघी मिळून बसवायचो. मग वर्सोव्याच्या हिराबाई शाळेत आल्या. कोळीवाड्यातून शिकून मास्तरीण झालेल्या. आवाज खणखणीत, मुली सतत त्यांच्याभोवती. त्या वर्षी हेडमास्तरांनी नाटक त्यांच्याकडे दिलं आणि ते आमच्यापेक्षा चांगलं झालं. घरी जाताना मी कुसुमला म्हणाले, “त्यांच्या पदरालासुद्धा मासळीचा वास येतो.”

पुढच्या दिवाळी अंकात तिची गोष्ट छापून आली. गोष्ट सांगणारी ‘मी’ एक शिक्षिका. नव्या बाईंचं कौतुक तिला बघवत नाही, म्हणून ती त्यांच्या जातीवर, बोलण्यावर घसरते. वर आपण किती न्यायी आहोत हेही सांगत राहते. तिच्या तोंडी माझं ते वाक्य होतं... जसंच्या तसं. शाळेत गहजब झाला. ‘मी’ म्हणजे कुसुमच, असं सगळ्यांनी धरलं. हेडमास्तरांनी तिला बोलावून समज दिली. हिराबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. खरं काय ते मला माहीत होतं, आणि मी गप्प राहिले.

महिन्याभराने न राहवून मी तिला विचारलं, “माझं नाव का नाही सांगितलंस?”

“सांगून काय होतला गो? वास माका पण इलो. तू बोललंस, मी लिवलंय.”

नाटक तिच्याही हातून गेलं होतं, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माफी मागायला मात्र ती गेली नाही. गोष्ट खोटी असती तर गेले असते, म्हणाली.

तिचे दिवस झाल्यावर मी वर्सोव्याला गेले. हिराबाई अंगणात वाळणारे बोंबील काढत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितलं, “ते वाक्य कुसुमचं नव्हतं. माझं होतं.”

त्यांचे हात थांबले नाहीत. “वाक्य कुणाचं ते घेऊन मी काय करू, सुमतीबाई? मी शिक्षकांच्या खोलीत आले की तुम्ही दोघी खुर्च्या उचलून खिडकीशी जायच्यात. मला तेव्हाच कळलं होतं. गोष्ट नंतर आली.” बोंबलांची टोपली उचलत म्हणाल्या, “तिनं निदान लिहिलं तरी.”

चहा दिला. मी घेतला.

शिक्षकांच्या खोलीत कुसुमची खुर्ची अजून खिडकीशीच होती. कोणी तिच्यावर बसत नसे. सोमवारी मी ती ओढत मोठ्या टेबलापाशी, हिराबाईंच्या शेजारी आणली आणि बसले. त्यांनी वर पाहिलं नाही. आपला हजेरीपट तेवढा बाजूला सरकवला.