द्वाड कोकरू

दुपारची मेंढरं बाभळीखाली बसलीत. मायाप्पा धनगराचा डोळा लागतोय, पण जीव थाऱ्यावर न्हाई. सकाळी नात अंबूनं तान्ह्या भावाला कडकडून चावा घेतला. सून शेवंता म्हणाली, "मामा, उद्या हिला माझ्या आईकडं धाडते. का चावलीस इचारलं, तर तोंड उघडत न्हाई!" ही पोर गेली तर म्हाताऱ्याला माळावरलं रिकामं पाल खायला उठंल.

"अवो, झोपलासा व्हय?"

उशाशी सुंदरा. त्याची बायको, दोन सालामागं गेलेली. टकळीवर लोकर कातत बसलीया. बाभूळ कुठं गेली कुणास ठाऊक, मेंढरं आता चुलीभोवती बसलीत अन् चुलीखालनं ओढा वाहतोय.

"ते कोकरू कशापायी वरडतंय?" सुंदरा इचारती.

"भुकेनं."

"अन् ते?"

"आई दिसंना झालीया त्येला."

"अन् कोपऱ्यातलं?"

बघतोय तर कोकराच्या अंगात अंबूचा फ्रॉक.

"ती व्हय? नुसती द्वाड हाय."

सुंदरा फिस्सदिशी हसती. "जल्मभर मेंढरं राखलीसा. एका तरी कोकराला द्वाड म्हणालासा?"

मायाप्पा फ्रॉकातल्या कोकराजवळ सरकतो.

"मग तिला बोलती करू कशी?"

"आधी तुमच्या पोटातलं सांगा की! मी मेल्यावर डोळ्यांत धूर गेला म्हणत फिरलासा. पोर शिकायची कुणाकडनं?" ती त्याच्या करंगळीला सूत गुंडाळती. "इसरू नका."

डोळा उघडतो. समोर अंबू, गाल फुगवून.

"अंबे, ये हिकडं. मला आजीची सय आली बघ. छाती भरून आलीया. रडू येतंय."

पोर टकामका बघती. "आज्ज्या, तुला बी येतं?"

"येतं की. तुझ्या पोटात काय हुतंय?"

अंबू त्याच्या कानाशी येती. मग हळूच, "जाळ हुतो. बाळ आईच्या कडंवर बसलं की."

"त्यो राग, बाई. मला बी येतो. एवढंच?"

"न्हाई. भ्या बी वाटतं. आई मला इसरली तर?"

म्हातारा पोरीला खांद्यावर उचलतो अन् माळ दणाणून सोडतो. "शेवंते! पोरगी बोलली गं! कुठं धाडायची न्हाई, आधी कडंवर घे!"

शेवंता पालातनं बाळासकट पळत येती. सगळं ऐकती, अन् अंबूला दुसऱ्या कडंवर घेती. हसती, रडती, दोन्ही.

"आज्ज्या," आईच्या कडंवरनं अंबू म्हणती, "बोटाला काय?"

करंगळीला काळ्या लोकरीचं सूत, ताजं कातल्यालं. सुंदरा गेल्यापास्नं पालात टकळी कुणी फिरवलीच न्हाई.