शिवणबाईची साक्ष

गावात तिला सगळे शिवणबाईच म्हणत. दिराच्या घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. नवरा गावाच्या पंपघरावर राखणदार होता. एका दुपारी तीनच्या सुमाराला कुणीतरी डोक्यात घाव घालून त्याला ठार मारलं आणि पाण्याची मोटार पळवली. पोलिसांनी पंचनामा केला. महिना उलटला, तपास काही पुढे सरकेना.

दीर गॅरेजवाला. हात कसबी, डोकं मात्र भडक. त्याने चारपाच जणांना हाताशी धरलं. "पोलिसांच्या भरवशावर बसलो तर म्हातारे होऊ," तो म्हणाला. संशय ट्रॅक्टरवाल्यावर गेला. पाण्याच्या पाळीवरून आदल्याच दिवशी त्याची राखणदाराशी बाचाबाची झाली होती, बास.

हे शिवणबाईच्या कानावर आलं. त्या दुपारी अडीचपासून ट्रॅक्टरवाला तिच्याच दुकानात होता! पँटची चेन तुटली म्हणून चादर गुंडाळून पडद्याआड बसलेला. "बाई, उरका हो, कुणी बघितलं तर गावात तोंड दाखवायला जागा नाही," असं दहादा म्हणत होता. बाहेर बोंब उठली, तेव्हा त्याची पँट अजून मशीनवरच होती.

"भावजी, तो माझ्यासमोर होता. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

"वहिनी, तुम्ही भोळ्या. तुमचं दुःख आम्ही बघतोय ना?"

"माझं दुःख मला कळतं. तो नव्हता!"

दिराने तिच्याकडे मायेने पाहिलं. नवऱ्याच्या जाण्याने बाई भ्रमिष्ट झाली, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख लिहिलेलं होतं.

ती तडक चौकीवर गेली. हवालदार म्हणाला, "अजून काही घडलेलं नाही, मग तक्रार कशाची लिहू?" ती विनवण्या करत राहिली. तेवढ्यात फोन वाजला. घडलं होतं.

भर बाजारात, दिवसाढवळ्या, ट्रॅक्टरवाल्याला चौघांनी धरलं होतं आणि दिराने पहारीने त्याचे दोन्ही गुडघे फोडले होते. माणूस वाचला, पाय मात्र गेले.

तिने जबाब दिला, सगळा, चेनसकट. पण बाजारातल्या शेदीडशे माणसांपैकी कुणी काही पाहिलेलं नव्हतं. दीर आठ दिवसांत सुटून आला. ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोने संसार गाडीत भरला आणि नवऱ्याला उचलून वर बसवलं. शिवणबाई हात द्यायला पुढे झाली, तशी ती म्हणाली, "नको. तुमच्याच नावाने मोडलेत त्यांना."

गावात आता दिराचा शब्द चालतो. बायका शिवणबाईला म्हणतात, "नशीब काढलंस, असा दीर मिळाला." ती "हो" म्हणत नाही, "नाही" म्हणून उपयोग नाही. नवऱ्याला कुणी मारलं, ते आता कुणी शोधतही नाही.

परवा दीर नव्या शर्टाचं कापड घेऊन आला आणि हात पसरून तिच्यापुढे उभा राहिला. डोक्यावर छप्पर त्याचं. तिने टेप उचलली आणि छातीचं माप घेतलं.